जुनी मर्सिडीज २४० डी : इंजिन दुरुस्त करावं की ट्रॅक्सचं बसवावं?

आंबेआळी | १२ जून, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीहून पावसला जाताना आमचं घर लागतं. घरी १९८१ ची मर्सिडीज २४० डी आहे. डब्ल्यू१२३ मॉडेल, चार गिअरची मॅन्युअल. काकांनी मुंबईत घेतली होती. ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा गाडीही आली आणि आता ती मी सांभाळतो. ती चालती राहावी असं मनापासून वाटतं.

तक्रारी तीन. सकाळी इंजिन गार असताना सेल्फ खूप मारावा लागतो, पाऊस सुरू झाल्यापासून तर जास्तच. चालू झाल्यावर भरपूर पांढरा धूर, इंजिन थरथरतं. गरम झालं की दोन्ही थांबतं. दुसरं, चावी फिरवून काढली तरी इंजिन थोडा वेळ चालूच राहतं. तिसरं, ऑइल थोडं खाते.

इथल्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं आवाज ऐकून सांगितलं की इंजिन संपलं, बांधत बसू नका, ट्रॅक्स जीपचं तयार इंजिन आणून टाकतो. ज्यांनी या गाड्या हाताळल्यात त्यांनी कृपया सांगा, इंजिन खरंच गेलंय का? आणि ट्रॅक्सचं टाकणं योग्य आहे का?

सड्यावरून | ८.५५

आधी फोटो टाका! रंग कोणता?

आंबेआळी | ९.०२

फिका पिवळसर. पाऊस थांबला की काढतो फोटो.

लांजेकर | ९.३०

मी गॅरेजवाल्याच्या बाजूने बोलतो. ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे काही परकं इंजिन नव्हे. बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात डेमलर-बेंझकडून परवाना घेऊन पुण्यात जे डिझेल इंजिन बनवायला घेतलं ते ओएम६१६, म्हणजे तुमच्या २४० डी मध्ये आहे तेच. ट्रॅव्हलरमध्ये तेच, ट्रॅक्समध्ये तेच. पार्ट कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळतील. जुन्या इंजिनाचे लाड करण्यापेक्षा हे व्यवहाराला धरून आहे.

सड्यावरून | ९.४१

पण ट्रॅक्सचं इंजिन टाकलं तर गाडी आपोआप स्टँडवर जाऊन सीट भरायला लागेल. बारा माणसं बसल्याशिवाय हलणारच नाही :)

फोरमनकाका | ११.१५

आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपात गेलं, त्यातली बरीच वर्षं पंप-नोझलवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांवर. नंतर या गाड्यांचा नाद लागला. आंबेआळी, तुमचं वर्णन वाचून एवढं नक्की सांगतो, या इंजिनाला मेलेलं ठरवायला अजून कोणी हात लावलेला नाही. आवाज ऐकून इंजिन संपलं म्हणणं मला पटत नाही. हे बिडाचं इंजिन आहे, हेडसुद्धा बिडाचं, टायमिंगला दुहेरी चेन. नीट ऑइल मिळालं तर लाखो किलोमीटर जातं.

आधी फुकटची तपासणी. इंजिन गरम करा, चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवा. झाकण जागेवर थोडं थरथरलं तर रिंगा-लायनर ठीक. उडून बाजूला पडलं तर ब्लोबाय आहे, म्हणजे सिलेंडरमधला वायू पिस्टनशेजारून खाली निसटतोय, मग पुढचं बोलू.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट. या इंजिनाला फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, गेज लावून सेट करावे लागतात. पुष्कळ गॅरेजवाल्यांना हे माहीतच नसतं, कारण पुढच्या मॉडेलना ती गरज उरली नाही. गार इंजिनाला इनटेक ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०. व्हॉल्व्ह आणि सीट झिजत जातात तशी ही फट वाढत नाही, उलट कमी होते, म्हणून आवाज काहीच येत नाही. माणसाला वाटतं इंजिन छान शांत चाललंय. आत व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो, कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब गळतो, सकाळी गाडी उठत नाही, पांढरा धूर मारते. तुमची पहिली तक्रार शब्द न् शब्द हीच आहे.

सेट करताना लॉकनट आणि त्याच्यावरचा कॅप नट, दोन्हींना १४ चा पाना लागतो. साधा सरळ पाना आत फिरत नाही, वाकवलेले दोन करून घ्या. इंजिन फिरवायचं ते खालच्या क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने. उलटं कधीही नाही, आणि वरच्या कॅमच्या बोल्टवर जोर लावून तर अजिबात नाही. गेज आत सरकवताना किंचित ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळला की परत मोजा, आवळताना माप हमखास हलतं.

मग हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू करताना सिलेंडर तापवणारे. त्यावर रात्री लिहितो.

वाचनमात्र | ११.२०

काका, हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

खेडची_नसीम | दुपारी १.०५

आमच्या अब्बांनी कुवेतहून आणलेली २०० डी अजून घरी आहे, म्हणून राहवत नाही. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचा इंजिनाच्या तब्येतीशी काही संबंध नाही. ही गाडी चावी फिरवल्यावर व्हॅक्यूमने बंद होते. डिझेल इंजिनाला विझवायला ठिणगी नसते, म्हणून डिझेलच्या पंपावर एक छोटा डबा असतो, तो व्हॅक्यूमने ओढला जातो आणि डिझेल तोडतो. त्याच व्हॅक्यूमवर दारांचं सेंट्रल लॉकिंग चालतं. एखाद्या दाराच्या आतलं रबर फाटलं की तिकडे हवा शिरते आणि इकडे इंजिन बंद होत नाही. चूक दाराची आणि बदनामी इंजिनाची!

लॉकिंगकडे जाणारी पिवळी नळी काढून तिचं तोंड बंद करा, मग चावी फिरवून बघा. इंजिन लगेच थांबलं तर दोष लॉकिंगमध्ये. नाही थांबलं तर डिझेलच्या पंपाकडे जाणारी तपकिरी नळी तपासा, तिच्यावर निळी रेघ असते. त्या नळीत काळं ऑइल दिसलं तर पंपावरच्या डब्याचा पडदा गेला. तोपर्यंत बॉनेटखाली लाल अक्षरांत स्टॉप लिहिलेला दांडा आहे, तो दाबून बंद करा. गिअरमध्ये टाकून क्लच सोडून बंद करायची सवय लावून घेऊ नका.

आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूम पंपावर आहे, तेव्हा ही तक्रार रेंगाळत ठेवू नका. तो पंप खडखडायला लागला तर गाडी त्याच क्षणी थांबवायची. त्याचे तुकडे आत चेनमध्ये पडले तर सगळंच जाईल.

फोरमनकाका | १.४०

नसीमताई, शंभर टक्के बरोबर. पंपाच्या खडखडीबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं, लोक तिकडे लक्ष देत नाहीत.

वेंगुर्लेकार | ३.१०

मी वेंगुर्ल्याचो. हय समुद्राचो वारो असो हा की लोखंडाचा बघता बघता पीठ होता. इंजिन जाड बिडाचा, तेका काय होणा नाय. जाता ता वायरिंग नि अर्थिंग. गिअरबॉक्साकडसून बॉडयेक येणारी अर्थिंगची पट्टी काढा, दोनय टोका घासून चकचकीत करा, परत बसवा नि वरसून ग्रीस लावा. मगे सेल्फ कसो फिरता ता बघा.

ह्या गाडयेक टोकदार फ्यूज असतत, तेंका पांढरी बुरशी धरता. जाग्यारच बोटान फिरवा, अर्धे रोग थयच बरे होतत. ॲल्युमिनियमचे काढून तांब्याचे घाला.

नि पावसात गाडी मांगरात ठेवशात तर एअर फिल्टराचा झाकण उघडून बघल्याशिवाय सेल्फ मारू नकात. उंदरांका ती जागा लय आवडता.

सड्यावरून | ३.२५

मांजर पाळा. त्याचे पार्ट मिळायचा प्रश्न नाही :)

लांजेकर | ४.००

सगळं मान्य. पण टॅपेट झाले, प्लग झाले, तरी ४० वर्षांचं इंजिन आहे. उद्या लायनर-पिस्टन काढायचे झाले तर इथे कोण करणार? शेवटी कोल्हापूर गाठायचंच ना?

मिरकरवाडा_८ | ४.४५

कोण करणार म्हणजे? रत्नागिरीत बंदरावर या. आमच्या बोटींवर डिझेल इंजिनंच आहेत, आणि डिझेलचे इनलाइन पंप उघडून बांधणारी माणसं अजून इथे आहेत. कॉम्प्युटर लावल्याशिवाय बॉनेट न उघडणाऱ्या गॅरेजात ही गाडी नेऊच नये. नोझल टेस्टरवर लावून घ्या, फवारा बघा. थेंब गळत असेल तर तो सिलेंडर सकाळी ठोकणारच.

बोअरिंग आणि हेडच्या ग्राइंडिंगसाठी मात्र कोल्हापूरच. उद्यमनगरात ती कामं चांगली होतात, आंबा घाट उतरून-चढून आम्हीही जातो.

फोरमनकाका | रात्री ९.२०

सकाळचं पुढे. १९८१ च्या गाडीत हीटर प्लग पेन्सिल टाइप असणार, चारही समांतर जोडलेले. एक गेला तरी बाकीचे तापतात, फक्त तो सिलेंडर मागे राहतो आणि इंजिन थरथरतं. जुन्या पद्धतीत चारही एका माळेत होते, एक गेला की सगळे गार. रिलेच्या डब्यात ८० अँपिअरची पत्र्याची फ्यूज-पट्टी असते. तिला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते, दमट हवेत फार. मीटर लावून बघा.

प्लग काढलेच तर भोकातला कार्बन रीमरने साफ केल्याशिवाय नवीन घालू नका. कार्बनमध्ये रुतलेला प्लग टोकाला जळतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

एवढं करूनही धूर राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या इंजिनाला २२ ते २४ बार, १५ च्या खाली गेलं तर बांधायला काढायचं, आणि दोन सिलेंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. त्यानंतर चेन. चेन लांबली की डिझेल उशिरा पडतं, त्यानेही पांढरा धूर येतो. कॅमवरची खूण जुळवून खाली पुलीवर किती अंश सरकलंय ते वाचायचं. थोडं असेल तर चेन तशीच ठेवून पंपाचं टायमिंग परत २४ अंशांवर आणता येतं. नवीन चेन घालायला इंजिन उघडावं लागत नाही, जुनीला जोडून वरूनच ओढून घेतात. त्याला दोन माणसं आणि भरपूर संयम लागतो.

ऑइल १५डब्ल्यू-४०, डिझेलचं. पेट्रोल गाडीचं पातळ ऑइल घालू नका.

वाशिष्ठीकर | १३ जून, सकाळी ७.१५

चिपळूणचा. पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमची ३०० डी बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर गल्लीत जो तो आपापल्या गाडीला सेल्फ मारून बघत होता. वडील दारात उभे राहून ओरडत होते, कोणी सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आपल्या या डिझेलचं कॉम्प्रेशन २१ ला १ आहे, दहनकक्षात जागाच नाही, त्यामुळे थोडंसं पाणीही पुरतं.

आम्ही बॅटरी काढली. नोझल आणि हीटर प्लग सगळे काढले. क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून हातानेच इंजिन हळूहळू फिरवलं, तेव्हा पाचही भोकांतून गढूळ पाणी वर उडालं. तिसऱ्यातून तर नुसता गाळ. ऑइलचा नट सोडल्यावर आधी कितीतरी वेळ स्वच्छ पाणीच आलं, मग पांढरट ऑइल. डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून प्रत्येक सिलेंडरमध्ये ओतलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी परत फिरवलं. टाकी, लाइन, दोन्ही फिल्टर धुऊन-बदलून झाले. इनलाइन पंपात पाणी राहिलं की आतले प्लंजर गंजून अडकतात, म्हणून पंप पहिल्यांदा उघडला, इतर सगळं नंतर. घाईत स्वस्तातलं ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवलं, काढून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, वास जाईपर्यंत.

ती गाडी आज चालते. घरच्या फर्निचरपैकी काही वाचलं नाही, पण वडिलांनी तिला हात लावू दिला नाही म्हणून ती वाचली. एक नवीन गाडीही बुडाली होती, ती इलेक्ट्रॉनिक्सपायी भंगारात गेली.

वाचनमात्र | ७.५०

वाचताना काटा आला. वडिलांना नमस्कार सांगा.

खेडची_नसीम | ८.१०

आमच्याकडेही त्या दिवशी जगबुडी नदी बाजारपेठेत होती. सेल्फ मारल्याने गेलेली इंजिनं नंतर गॅरेजांच्या दारात रांगेने उभी होती. ही सूचना दरवर्षी जूनमध्ये सगळ्या ग्रुपवर फिरायला हवी.

गुहागरी | ९.३५

थोडं अवांतर. माझ्याकडे १९९५ ची ई२२० आहे, डब्ल्यू१२४, पुण्यात जुळणी झालेली. पेट्रोल. इंजिनावरच्या वायरिंगचं कव्हर हाताने चुरगळतं. कोणाला अनुभव?

मिरकरवाडा_८ | ९.५८

त्या काळातल्या गाड्यांना निसर्गात विरघळणारं आवरण वापरलं होतं, ते उष्णतेने खरोखरच विरघळतं. वायर एकमेकींना टेकल्या की मिसफायर. नवीन हार्नेस करून घ्या, टेपा लावत बसू नका. आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे लक्ष द्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाणी किती असतं ते सांगायला नको. चार महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका, जुने रबरी पाइप बदलून इथेनॉलला टिकणारे घाला.

सड्यावरून | १०.१०

धागा पेट्रोलकडे वळतोय. डिझेलवाले भडकायच्या आत परत या :)

फोरमनकाका | १०.४०

डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. टाकी अर्धी ठेवून पावसाळाभर गाडी उभी राहिली की आत दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या मध्ये काळी बुळबुळीत घाण वाढते. ती जिवंत असते. फिल्टर काळे निघाले की समजायचं. टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा.

आणि रोज पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करण्याची पद्धत सोडा. ऑइल गरम होत नाही, आतलं दव तसंच राहतं, आम्ल तयार होतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा २०-२५ किलोमीटर व्यवस्थित फिरवून आणा. या इंजिनाला उभं राहणं सोसत नाही, चालणं सोसतं.

कूलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालणारे बघितलेत मी. इंजिन बिडाचं असलं तरी रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं घर ॲल्युमिनियमचं आहे, ते आधी खाल्लं जातं. थर्मोस्टॅट ८० अंशांना उघडतो. कोकणात उकडतं म्हणून तो काढून टाकू नका, इंजिन कायम गार राहिलं तर जास्त झिजतं.

दापोलीची_माई | दुपारी १२.३०

मला इंजिनातलं कळत नाही, पण नियमांतलं थोडं कळतं. लांजेकर, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच. पण आंबेआळींची गाडी २०३१ मध्ये ५० ची होईल. तेव्हा तिच्यात तिचं स्वतःचं इंजिन असलेलं बरं.

लांजेकर | १२.५५

माई, हा मुद्दा मला नवीन आहे आणि वजनदार आहे. परवानगीचं माहीत होतं, हे नव्हतं. मग माझं म्हणणं एवढंच ठेवतो, पूर्ण इंजिन न बदलता ट्रॅक्सचे सुटे पार्ट वापरावेत. त्याला तरी कोणाचा विरोध नसावा.

फोरमनकाका | १.३०

अजिबात नाही, मी स्वतः वापरलेत. बेअरिंग, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट. मात्र जुना आणि नवा शेजारी ठेवून, व्हर्नियरने मोजून. जुन्या २३९९ सी.सी.च्या इंजिनाचेच पार्ट घ्या. पुढे आलेल्या २५९६ सी.सी.च्या इंजिनात बोअर तोच असला तरी स्ट्रोक वाढवलाय, त्याचा क्रँक आपल्याला चालणार नाही. ऑइलचा संप, माउंटिंग, पंपाचा गव्हर्नर आपलाच ठेवायचा.

आंबेआळी | २१ जून, संध्याकाळी ६.१०

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं झालंय.

उलट्या झाकणाची परीक्षा पास! झाकण जागेवरच थरथरत राहिलं. मिरकरवाड्याच्या एका मिस्त्रींना घरी आणलं. व्हॉल्व्ह कव्हर उघडल्यावर तीन एक्झॉस्टमध्ये ०.१५ चं गेजही शिरेना. सगळे सेट केले. वाकडे पाने त्यांनी स्वतःच गॅसवर तापवून बनवले होते. हीटरच्या रिलेतली पट्टी खरंच चिरलेली निघाली, आणि चारातला एक प्लग मेलेला. अर्थिंगची पट्टी घासली, वेंगुर्लेकार, सेल्फचा आवाजच बदलला. कॉम्प्रेशन तीन सिलेंडरना २१ च्या आसपास, चौथ्याला १९. मिस्त्री म्हणाले, हे इंजिन काढायचं नाव काढू नका.

नसीमताई, पिवळी नळी बंद केली आणि चावी फिरवताच इंजिन थांबलं. मागच्या डाव्या दारातलं रबर फाटलंय, ते मागवलंय.

ऑइलचं अजून बघतोय. नोझलच्या मधले कापडी विणीचे छोटे पाइप ओले दिसतात, पण ते डिझेल आहे.

फोरमनकाका | ७.००

वा! ते पाइप सगळेच बदला, शेवटच्या नोझलवरचं छोटं बूचसुद्धा. आता १०० किलोमीटरला ऑइल किती उतरतं ते लिहून ठेवा. व्हॉल्व्हचे सील सुकलेले असतील, ते हेड न काढताही बदलता येतात.

वाशिष्ठीकर | ८.२०

फार बरं वाटलं. काका, एक विचारायचं राहिलं. आमची ३०० डी पाच सिलेंडरची. तिला ट्रॅक्सचं काही चालेल का?

फोरमनकाका | ८.४५

चालेल. दोन्हींचा बोअर ९०.९ आणि स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर, तुमच्यात फक्त एक सिलेंडर जास्त. पिस्टन, रिंगा, लायनर मापून घेता येतील. हेड गॅस्केट, क्रँक, कॅम मात्र पाच सिलेंडरचेच लागणार, ते आधी हाताशी आल्याशिवाय हेड उघडू नका.